पंतप्रधानपद : विश्वास कोणाचा?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या नगरांतून पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून असलेल्या मराठी घराण्यांना राज्याचा मुख्य मंत्री म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ग्वाल्हेरीत जयाजीराव शिंद्यांच्या पदरी दिनकरराव राजवाडे होते. हैदराबादेत पहिल्या सालारजंगांनी १८५३ पासून १८८३ पर्यंत तीस वर्षे दिवाणगिरी केली. आणि मूळच्या तंजावरकडील मराठी घराण्यात जन्मलेल्या सर टी. माधवरावांनी तर त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचा कारभार एकामागून एक सांभाळला. ही माणसे कर्तबगार होती, यात शंका नाही. तथापि त्यांच्या अधिकाराचे मूळ शोधू गेल्यास ते दोनच ठिकाणी सापडते : महाराजांची मर्जी आणि इंग्रज रेसिडेंटाची संमती. यांपैकी एक जरी ढळली तरी दिवाणसाहेबांचे दिवस भरले. रयतेला त्यांच्याविषयी काय वाटते, हे विचारण्याची सोय कोणत्याही दरबारात नव्हती.

भारताच्या पंतप्रधानाचे पद वरवर पाहता त्याच जातीचे दिसते. त्याची नेमणूक राष्ट्रपती करतात, शपथ राष्ट्रपती देतात, आणि राष्ट्रपतींची मर्जी असेतोपर्यंत मंत्री अधिकारावर राहतील, असे घटनेच्या ७५ व्या अनुच्छेदात चक्क लिहिलेले आहे. शब्द थेट दिवाणगिरीचे! परंतु त्याच अनुच्छेदात लगेच पुढे म्हटले आहे की, मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील. या एका वाक्याने आधीच्या मर्जीचा अर्थ पार पालटून टाकला. हे वाक्य कोठून आले आणि पाऊणशे वर्षांत त्याची कसोटी कशी लागली, हे आज पाहावयाचे आहे.

आपण मराठी माणसे या पदाला 'पंतप्रधान' म्हणतो. हिंदी भाषक 'प्रधानमंत्री' म्हणतात. या भेदामागे इतिहास आहे. शिवछत्रपतींच्या १६७४ मधील राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत नावे मिळाली, तेव्हा 'पेशवा' या फारसी नावाच्या जागी 'मुख्य प्रधान' हे नाव आले. पुढे भट घराण्यातील पेशव्यांना 'पंतप्रधान' म्हणण्याचा प्रघात पडला, आणि स्वातंत्र्य आले तेव्हा हा शब्द आयताच हाताशी होता. शब्दाबरोबर एक आठवणही चालत आली आहे. पेशवे साताऱ्याहून वस्त्रे घेत, कारभार छत्रपतींच्या नावाने चाले, निर्णय मात्र पुण्यास होत. आजही केंद्र सरकारच्या आज्ञा राष्ट्रपतींच्या नावाने निघतात आणि निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीत होतात. साम्य इतकेच, पण ते ध्यानात घेतल्यावाचून भेद उमजत नाही.

आणि भेद मोठा उद्‌बोधक आहे. बाजीरावांना शाहूमहाराजांनी १७२० साली पेशवेपद दिले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट वॉल्पोल हे कोषागाराचे प्रथम लॉर्ड झाले; इतिहासकार त्यांनाच इंग्लंडचे पहिले पंतप्रधान मानतात. दोन्हीकडे राजा मागे सरत होता आणि मंत्री पुढे येत होता. १७४० मध्ये बाजीराव निवर्तले, तेव्हा त्यांचे पद त्यांच्या चिरंजीवांकडे गेले. १७४२ च्या फेब्रुवारीत वॉल्पोल पायउतार झाले, ते कॉमन्स सभागृहात मतदानात हार खाल्ल्यामुळे. राजाची मर्जी तेव्हाही त्यांच्यावर होतीच. परंतु ती आता पुरेशी राहिली नव्हती. पेशव्यांच्या ठिकाणी कर्तृत्व वॉल्पोलपेक्षा कमी होते, असे कोण म्हणेल? उणीव एवढीच की, पेशव्याला हिशेब विचारील अशी सभा ना साताऱ्यास होती, ना पुण्यास. म्हणून एक पद वंशाकडे गेले आणि दुसरे सभागृहाकडे.

इंग्लंडात हे पद कायद्याने निर्माण झालेच नाही. 'प्राइम मिनिस्टर' हा शब्द आरंभी टोमणा म्हणून वापरला जाई. मानपानाच्या अधिकृत क्रमात त्याला १९०५ साली जागा मिळाली. डाउनिंग स्ट्रीटवरील दहा क्रमांकाच्या घराच्या दारावर पत्रे टाकण्यासाठी जी पितळी फट आहे, तिच्यावर अजूनही 'कोषागाराचे प्रथम लॉर्ड' हीच अक्षरे कोरलेली आहेत. असे हे संकेतांवर वाढलेले रोप आपण लेखी घटनेच्या कुंडीत आणून लावले.

२ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकार स्थापन झाले, तेव्हा पंडित नेहरू हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे उपाध्यक्ष होते. १५ ऑगस्ट १९४७ पासून ते पंतप्रधान झाले. घटना समितीपुढे त्या वेळी प्रश्न असा होता की, अमेरिकेप्रमाणे ठरावीक मुदतीचा अध्यक्ष असावा, की इंग्लंडप्रमाणे सभागृहाच्या विश्वासावर जगणारे मंत्रिमंडळ असावे? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी याचा जो उलगडा केला, तो आजही मुळातून अभ्यासावा असा आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा : लोकशाहीतील कार्यकारी सत्तेच्या ठायी स्थैर्य हवे आणि जबाबदारीही हवी, दोन्ही सारख्या प्रमाणात साधील अशी पद्धती अद्याप कोणास सापडलेली नाही, अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक आहे, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक आहे. संसदीय पद्धतीत सरकारची परीक्षा दोन प्रकारे होते. एक परीक्षा मतदार ठरावीक काळाने घेतात आणि दुसरी संसदेचे सदस्य प्रश्नांनी, ठरावांनी व अविश्वासाच्या प्रस्तावांनी रोजच्या रोज घेतात. मसुद्याने जबाबदारीच्या पारड्यात अधिक वजन टाकले. म्हणजेच सरकारे अधूनमधून कोसळतील, ही गोष्ट घटनाकारांनी जाणूनबुजून पत्करली होती. सरकार पडले की 'घटना फसली' असा गिल्ला करणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी.

इतके महत्त्वाचे हे पद. पण घटनेत त्याच्यासाठी शब्द किती थोडे खर्चिले आहेत! ७४ वा अनुच्छेद सांगतो की, राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानाच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल. ७५ वा सांगतो की, इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानाच्या सल्ल्याने होईल. ७८ वा त्याच्यावर असे कर्तव्य लादतो की, मंत्रिपरिषदेचे निर्णय त्याने राष्ट्रपतींना कळवावेत. संसदेचा सदस्य नसलेला मनुष्यही सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहू शकतो. १९९१ च्या जूनमध्ये नरसिंह राव पंतप्रधान झाले, तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. पण कोणाला बोलवावे, बहुमत कसे ओळखावे, पंतप्रधान अकस्मात निवर्तला तर काय करावे, यांविषयी घटनेत एक अक्षर नाही. पंडित नेहरू १९६४ मध्ये व लालबहादूर शास्त्री १९६६ मध्ये वारले, तेव्हा दोन्ही वेळा गुलझारीलाल नंदा यांनी तात्पुरता कारभार पाहिला आणि पक्षाने सावकाश नेता निवडला. यातून संकेत रूढ झाला असे वाटत होते. परंतु ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि त्याच संध्याकाळी राजीव गांधींचा शपथविधी झाला. संकेत हे असेच असतात. पाळणारा असेपर्यंत टिकतात.

राष्ट्रपतींनी हा सल्ला मानलाच पाहिजे काय, याविषयी प्रारंभी खळखळ होती. १९६० साली डॉ. राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असे जाहीरपणे सुचविले होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागतील, असे घटनेत लिहिले गेले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याची मुभा राष्ट्रपतींना दिली.

या दोन दुरुस्त्यांच्या मागे जी रात्र उभी आहे, तिच्याकडे वळणे प्राप्त आहे. २५ जून १९७५ रोजी इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना आणीबाणी जाहीर करण्याचा सल्ला दिला आणि राष्ट्रपतींनी त्याच रात्री जाहीरनाम्यावर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक भरली ती दुसऱ्या दिवशी पहाटे, म्हणजे देशभर धरपकड सुरू झाल्यानंतर! घटनेत 'पंतप्रधानाचा सल्ला' पुरेसा असे कोठेही म्हटलेले नव्हते; सल्ला मंत्रिपरिषदेचा हवा होता. पण सरकारी कामकाजाच्या नियमांत असा एक नियम होता की, निकडीच्या प्रसंगी पंतप्रधानाला हे नियम बाजूस ठेवता यावेत. कारकुनी सोयीसाठी केलेल्या त्या नियमाच्या आधारे एका व्यक्तीने साऱ्या देशाचे मूलभूत हक्क गुंडाळून ठेवले. सहकारी मंत्र्यांना सकाळी कळले, आणि कळल्यावर एकानेही राजीनामा दिला नाही. सामुदायिक जबाबदारी हे शब्द त्या दिवशी जितके पोकळ वाटले, तितके पूर्वी कधी वाटले नसतील.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने यावर जो उपाय केला, तो थोडका पण नेमका आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळविल्यावाचून त्यांनी आणीबाणी जाहीर करू नये, असे ३५२ व्या अनुच्छेदात घातले गेले. 'मंत्रिमंडळ', म्हणजे इंग्रजीत ज्याला 'कॅबिनेट' म्हणतात, तो शब्द आपल्या घटनेत आला तो या जागी. पंतप्रधान एकटा पुरेसा नाही, ही गोष्ट कागदावर आणावयास आपल्याला अशी किंमत मोजावी लागली.

आता सभागृहाकडे वळू. लोकसभेत पहिला अविश्वासाचा प्रस्ताव चर्चेस आला तो १९६३ च्या ऑगस्टमध्ये. चीनच्या युद्धातील पराभवाला अजून वर्षही झाले नव्हते. आचार्य कृपलानी पोटनिवडणुकीत निवडून आले होते आणि त्यांनीच तो प्रस्ताव मांडला. तो संमत होण्याची सुतराम शक्यता नव्हती. बाजूने ६२ मते पडली, विरुद्ध ३४७. तरी त्यावर दिवसचे दिवस चर्चा झाली आणि पंतप्रधानांनी सभागृहात बसून ती ऐकली व तिला उत्तर दिले. ज्या परीक्षेत उत्तीर्ण होणे ठरलेले आहे, तिलाही बसावे लागते, यातच या पद्धतीचा अर्धा अर्थ आहे.

१९७९ चा प्रसंग अगदी निराळा. त्या वर्षीच्या जुलैत मोरारजी देसाई यांच्या जनता सरकारवर विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वासाचा प्रस्ताव आणला. सत्तारूढ पक्षातूनच सदस्य गळू लागले आणि मतदानाची वाट न पाहता मोरारजींनी १५ जुलै रोजी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम यशवंतरावांनाच सरकार बनविण्याचा प्रयत्न करण्यास सांगितले. महाराष्ट्राचा नेता या पदाच्या इतक्या निकट जाऊन पोचला, हे आजच्या पिढीला फारसे ठाऊक नाही. पुरेसा पाठिंबा जमत नाही असे त्यांनी कळविले, आणि २८ जुलै रोजी चरणसिंग पंतप्रधान झाले. यशवंतराव उपपंतप्रधान झाले. लोकसभेचा विश्वास मिळवावा, अशी अट होती. ज्या दिवशी लोकसभा भरावयाची, त्याच दिवशी, २० ऑगस्ट रोजी, इंदिरा काँग्रेसचा पाठिंबा गेल्यामुळे चरणसिंगांनी राजीनामा दिला आणि लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. सभागृहासमोर एक दिवसही उभा न राहिलेल्या पंतप्रधानाचा सल्ला मानून सभागृहच मोडावे काय? राष्ट्रपतींनी तो मानला. जगजीवनराम आपल्यापाशी बहुमत असल्याचे सांगत होते. त्यांना ते दाखविण्याची संधी मिळाली नाही. माझ्या मते हा निर्णय या पदाच्या इतिहासातील सर्वांत दुबळा होय. ज्या विश्वासावर पद उभे, तो अजमावण्याची जागा राष्ट्रपती भवन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात राज्यांच्या सरकारांविषयी हेच स्पष्ट केले की, बहुमताचा निकाल विधानसभेतच लागला पाहिजे. तो खटला कर्नाटकातील सरकारच्या बडतर्फीवरून उद्‌भवला होता, हे बेळगावकडील मंडळींना सांगावयास नकोच.

कोणाला बोलवावे, याविषयी राष्ट्रपतींच्या रीती पुढेही बदलत राहिल्या. १९८९ मध्ये व्यंकटरामन यांनी सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला, राजीव गांधींना, विचारले व त्यांनी नकार दिल्यावर विश्वनाथ प्रताप सिंहांना पाचारण केले. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठा पक्ष म्हणून वाजपेयींना शपथ दिली आणि ते सरकार तेरा दिवसांत गेले. तो अनुभव जमेस धरून १९९८ मध्ये के. आर. नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रे मागविली आणि मगच शपथ दिली. मला तिसरी रीत शहाणपणाची वाटते.

या तिसऱ्या वेळचे सरकार १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत एका मताने पडले : बाजूने २६९, विरुद्ध २७०. ग्वाल्हेरीत जन्मलेल्या अटलबिहारी वाजपेयींच्या वक्तृत्वाचा लौकिक मोठा, पण वक्तृत्वाने मत फिरले नाही. ओरिसाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी लोकसभेचे सदस्यत्व अद्याप सोडले नव्हते. त्यांनी येऊन मत दिले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश झुगारून विरुद्ध मत दिले. परंतु पाडण्यापुरते जे २७० एकत्र आले, ते नवा पंतप्रधान देण्यासाठी एकत्र राहू शकले नाहीत. लोकसभा विसर्जित झाली आणि नवी निवडणूक होईपर्यंत पराभूत पंतप्रधानच काळजीवाहू म्हणून राहिला. याच काळात कारगिलचे युद्ध झाले. मे ते जुलै १९९९ या दिवसांत सैन्याला आज्ञा देणाऱ्या सरकारपाशी लोकसभेचा विश्वास नव्हता, इतकेच नव्हे तर लोकसभाच नव्हती. घटनेत 'काळजीवाहू' असा शब्द नाही. लोकसभा विसर्जित झाली तरी मंत्रिपरिषद राहिलीच पाहिजे, एवढे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगून ठेवले होते, त्याच आधारावर ते युद्ध लढले गेले.

जर्मनीने या अडचणीवर १९४९ च्या आपल्या घटनेत तोड काढली आहे. तेथे चॅन्सेलरला काढावयाचे तर त्याच ठरावाने दुसरा चॅन्सेलर निवडावा लागतो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट गेले व हेल्मुट कोल आले, ते याच मार्गाने. आपल्याकडे असे असते तर वाजपेयी सरकार एप्रिलमध्ये बहुधा पडले नसते. पण ते सभागृहाच्या विश्वासावर टिकले असते, की विरोधकांच्या फुटीवर?

विश्वास विकत घेता येतो काय, हाही प्रश्न आलाच. हैदराबादकरांना नरसिंह राव परके नव्हेत. ते उत्तम मराठी जाणत, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. जुलै १९९३ मध्ये त्यांच्या सरकारवरील अविश्वासाचा प्रस्ताव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. पुढे काही सदस्यांना मतांसाठी पैसे दिल्याचा खटला उभा राहिला. रावांना कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरविले, वरिष्ठ न्यायालयाने मुक्त केले. पण मधल्या काळात, १९९८ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने असा निर्णय दिला की, लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सदस्याला घटनेच्या १०५ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. हा निर्णय सव्वीस वर्षे उभा होता. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने तो एकमताने रद्द केला.

पैशाच्या मोहाला आवर घालण्यासाठी १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला. पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाते. हेतू चांगला, पण परिणाम विचित्र झाला. विश्वास कोणाचा, तर लोकसभेचा, असे घटना म्हणते. सदस्याने मात्र पक्षाने सांगितलेले बटण दाबावयाचे! मग डॉ. आंबेडकरांना अभिप्रेत असलेली रोजची परीक्षा घ्यावी कोणी? २०१८ व २०२३ मध्ये अविश्वासाचे प्रस्ताव आले, भाषणे झाली, आणि निकाल पक्षांच्या संख्याबळावरून आधीच ठाऊक होता तसाच लागला. दिनेश गोस्वामी समितीने १९९० साली सुचविले होते की, पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता केवळ विश्वास व अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवावी. इतर विधेयकांवर सदस्यांना आपल्या बुद्धीने मत देऊ द्यावे. तसे झाले असते तर सरकार न पाडताही एखाद्या विधेयकावर पंतप्रधानाला त्याच्याच बाकांवरून 'नाही' ऐकावे लागले असते. १९८५ च्या कायद्यात पुढे २००३ साली बदल झाले, मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या पंधरा टक्क्यांवर आणली गेली. परंतु ही शिफारस कायद्यात उतरलेली नाही.